दर शुक्रवारी गायब होणारा संगणक : छोट्या कार्यालयाच्या नेटवर्कमधील एका वारंवार येणाऱ्या तक्रारीचे निवारण

सदाशिव पेठेतील एका करसल्लागारांच्या कार्यालयात नऊ संगणक आहेत. आतल्या खोलीतील एका संगणकावर टॅलीचा डेटा आणि अशिलांच्या फाइलींचे सामाईक फोल्डर ठेवलेले असून, बाकीचे आठ जण आपापल्या जागेवरून त्याच फोल्डरमध्ये काम करतात. तो संगणक म्हणजे विंडोज १० प्रो असलेला साधा डेस्कटॉप आहे. पण कार्यालयात सर्वजण त्याला ‘सर्व्हर’ म्हणतात आणि या लेखातही मी तेच नाव वापरतो. तक्रार अशी होती की दर काही दिवसांनी, आणि बहुतेक वेळा शुक्रवारी सकाळी, फाइल एक्सप्लोररमधील ‘नेटवर्क’ उघडल्यावर सर्व्हर कोणालाच दिसत नसे. इंटरनेट चालू असे, प्रिंटर छापत असे, शेजारच्या टेबलावरचा संगणकही यादीत असे. नेमका सर्व्हर तेवढा नसे. महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरायचे असते, आणि ती तारीख शुक्रवारी आली की त्या कार्यालयातली सकाळ कशी जात असेल, हे या कामातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

पुण्यातील अशा लहान कार्यालयांचे संगणक आणि नेटवर्क सांभाळणे हे माझे काम आहे. ही तक्रार मी दोनदा दूर केली आणि दोन्ही वेळा ती परत आली. मूळ कारण तिसऱ्या खेपेस सापडले. अशी तक्रार आली की ती कोणत्या क्रमाने तपासावी, हे येथे सविस्तर लिहीत आहे, कारण तिच्यावर सर्रास केले जाणारे दोन उपाय, म्हणजे फायरवॉल (नको असलेल्या जोडण्या अडवणारी यंत्रणा) बंद करून टाकणे आणि एसएमबीची (नेटवर्कवरून फाइली शेअर करण्याच्या विंडोजच्या पद्धतीची) पहिली आवृत्ती पुन्हा चालू करणे, हे दोन्ही माझ्या मते धोक्याचे आहेत आणि त्यांनी मूळ दुखणे बरे होत नाही.

‘दिसत नाही’ या तक्रारीचे तीन अर्थ

फोनवर सगळे एकच वाक्य सांगतात, “सर्व्हर दिसत नाहीये.” प्रत्यक्षात त्या वाक्यात तीन वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. पहिली, ‘नेटवर्क’च्या यादीत नाव येत नाही. दुसरी, त्या संगणकापर्यंत पोहोचताच येत नाही, म्हणजे यादी सोडून थेट पत्ता दिला तरी काही घडत नाही. तिसरी, तेथपर्यंत पोहोचता येते, पण दारातच युजरनेम आणि पासवर्ड मागितला जातो किंवा परवानगी नाकारली जाते. या तिन्हींची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे आहेत. यादीत नाव नसतानाही फोल्डर व्यवस्थित उघडते, असे मी कित्येकदा पाहिले आहे. म्हणून कोणतीही सेटिंग बदलण्यापूर्वी आपल्याकडे यांपैकी कोणती तक्रार आहे हे ठरवावे.

यादीबद्दल थोडे मागे जाऊन सांगणे आवश्यक आहे. विंडोजच्या जुन्या पद्धतीत ‘कॉम्प्युटर ब्राउझर’ नावाची सेवा ही यादी ठेवत असे. नेटवर्कवरील संगणक आपापसांत निवडणूक करून एकाला मास्टर ब्राउझर नेमत, बाकीचे त्याच्याकडे साधारण दर १२ मिनिटांनी हजेरी लावत आणि लागोपाठ तीन हजेऱ्या चुकल्याशिवाय नाव यादीतून कमी होत नसे. म्हणूनच बंद केलेला संगणकही त्या काळी अर्धा तास उलटून गेला तरी यादीत दिसत राही. ही सारी व्यवस्था एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीवर उभी होती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच आवृत्तीतील त्रुटीचा आधार घेऊन जगभर पसरला. त्या त्रुटीवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती, पण असंख्य संगणकांवर ती बसवलेलीच नव्हती. पुढे ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून, नव्याने विंडोज टाकले की एसएमबीची पहिली आवृत्ती आपोआप चालू होईनाशी झाली आणि तिच्याबरोबर जुनी यादीही गेली. घरगुती वापरासाठी असलेली होमग्रुपची सोय २०१८ मध्ये १८०३ या आवृत्तीत काढून टाकण्यात आली.

आताची पद्धत वेगळी आहे. ‘नेटवर्क’ उघडले की आपला संगणक सर्वांना उद्देशून यूडीपी या संदेश पाठवण्याच्या पद्धतीच्या ३७०२ या पोर्टवर, म्हणजे ठरलेल्या क्रमांकाच्या दारावर, विचारणा करतो आणि जो संगणक उत्तर देईल तेवढाच यादीत येतो. कोणी मध्यस्थ यादी ठेवत नाही. विचारण्याचे काम ‘फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट’ ही सेवा करते आणि स्वतःची ओळख जाहीर करण्याचे काम ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा करते. यातून निघणारी एक गोष्ट फार जण विसरतात: सर्व्हर दिसत नसेल, तर ही दुसरी सेवा सर्व्हरवर चालू असावी लागते. ज्या संगणकावरून आपण पाहत आहोत त्याच्यावर कितीही खटपट केली तरी जो उत्तरच देत नाही तो यादीत येणार नाही. सर्व्हिसेसच्या विंडोमध्ये जाऊन ही सेवा ‘ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट’ अशी ठेवावी, कारण मूळची ती ‘मॅन्युअल’ असते आणि संगणक पुन्हा सुरू झाल्यावर ती उठेलच याची खात्री नसते.

याच्याशीच जोडलेली आणखी एक खूण आहे. काही संगणकांवर शेअरिंगच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘टर्न ऑन नेटवर्क डिस्कव्हरी’ निवडून सेव्ह केले, विंडो बंद करून पुन्हा उघडली, की निवड परत ‘टर्न ऑफ’वर गेलेली आढळते. माणूस चारचारदा तेच करत बसतो. तेथे सेटिंग बिघडलेली नसते. ती ज्या सेवांच्या आधारावर चालते त्यांपैकी एखादी बंद असते. डीएनएस क्लायंट, फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन, एसएसडीपी डिस्कव्हरी आणि यूपीएनपी डिव्हाइस होस्ट या चार सेवा पाहाव्यात. संगणक ‘हलका’ करून देतो म्हणणारी सॉफ्टवेअरे या सेवा अनावश्यक समजून बंद करून ठेवतात, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

तपासणीचा क्रम

आधी दोन्ही संगणकांवर, म्हणजे जो दिसत नाही त्यावर आणि जेथून पाहायचे आहे त्यावर, कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा द्यावी आणि येणारा आयपी पत्ता, मास्क (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा) आणि गेटवे (राउटरचा पत्ता) या तीन गोष्टी कागदावर शेजारी शेजारी लिहून काढाव्यात. मास्क २५५.२५५.२५५.० असेल, तर पत्त्यातील पहिले तीन आकडे दोन्हीकडे सारखे हवेत. एकीकडे १९२.१६८.१ आणि दुसरीकडे १९२.१६८.० असेल, तर बाकी काही तपासण्याची घाई करू नये. कारण बहुधा तेथेच आहे आणि त्याविषयी पुढे लिहिले आहे. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्या संगणकाला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि त्याने स्वतःच एक घेतलेला आहे. मग केबल, स्विचचा (सगळ्या केबल एकत्र जोडणाऱ्या पेटीचा) पोर्ट आणि राउटर पाहावा.

पत्ते जुळत असतील तर पिंग करून, म्हणजे त्या संगणकाला हाक देऊन उत्तर येते का ते, पाहावे, पण पिंगला उत्तर न मिळाल्यास ‘संगणक नेटवर्कवर नाही’ असा निष्कर्ष लगेच काढू नये. विंडोजची फायरवॉल पिंगला उत्तर देण्यास मज्जाव करू शकते. अशा वेळी पिंग केल्यानंतर लगेच एआरपी उणे ए (arp -a) ही आज्ञा देण्याची सवय मी लावून घेतली आहे. तिच्या यादीत सर्व्हरच्या आयपी पत्त्यासमोर सहा जोड्यांचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) आलेला असेल, तर तो संगणक चालू आहे, त्याच वायरीवर आहे आणि आपल्या हाकेला त्याने खालच्या पातळीवर ओ दिलेली आहे; फक्त त्याच्या फायरवॉलने दार लावून घेतले आहे. यादीत तो पत्ताच आला नाही, तर मात्र केबल, स्विच, वायफायमधील विलगीकरण किंवा बंद पडलेला संगणक यांच्याकडे वळावे. या एका आज्ञेने अर्धा तास वाचतो आणि तरी ती फार थोडे जण वापरतात, म्हणून आवर्जून लिहिले.

नंतर विंडोजची आणि आर ही बटणे एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत \\१९२.१६८.१.५० असा थेट पत्ता द्यावा. हा आकडा उदाहरणाचा आहे, आपल्याकडचा घालावा. फोल्डर उघडले, तर पोहोचण्याची वाट मोकळी आहे. मग त्याच चौकटीत पत्त्याऐवजी संगणकाचे नाव देऊन पाहावे. पत्त्याने उघडते आणि नावाने उघडत नाही, तर गोंधळ नावांचा आहे. एकाच डिस्कची प्रत काढून तयार केलेल्या दोन संगणकांना एकच नाव राहून गेलेले असते, किंवा नाव १५ अक्षरांहून मोठे ठेवल्यामुळे जुन्या नेटबायोस पद्धतीत ते तोडले गेलेले असते. नाव आणि पत्ता दोन्हींनी उघडते, पण यादीत तेवढे दिसत नाही, तर वर सांगितलेल्या सेवा पाहाव्यात. कामात मात्र तोवर खंड पडण्याचे काही कारण नाही.

शुक्रवारचे कारण

आता त्या करसल्लागारांच्या कार्यालयाकडे येतो. पहिल्या खेपेस मी गेलो तेव्हा सर्व्हरच्या नेटवर्कचा प्रकार ‘पब्लिक’ दाखवत होता. विंडोज प्रत्येक नेटवर्कला ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ असा प्रकार देते आणि ‘पब्लिक’ असेल तर मूळ सेटिंगनुसार ओळख जाहीर करणे आणि फोल्डर शेअर करणे या दोन्ही गोष्टी फायरवॉल अडवते. रेल्वे स्थानकावरच्या वायफायसाठी ते अगदी योग्य आहे. मी प्रकार बदलून ‘प्रायव्हेट’ केला, सर्व्हर सर्वांना दिसू लागला आणि मी परतलो. दोन आठवड्यांनी पुन्हा फोन आला. पुन्हा ‘पब्लिक’, पुन्हा तोच बदल. दुसऱ्या भेटीत तेथील हिशेबाचे काम पाहणाऱ्या ताई म्हणाल्या, “सर, तुमच्या आधी जे यायचे तेही हेच करून जायचे. शुक्रवारी परत तेच होतं.”

त्यांच्या त्या वाक्यातील शुक्रवार माझ्या डोक्यात राहिला. पुण्यात देखभाल-दुरुस्तीसाठी वीज किंवा पाणी बंद ठेवायचे असेल, तर अनेक भागांत त्यासाठी गुरुवार निवडला जातो, हे येथे राहणाऱ्याला ठाऊक असते. ताईंनी कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या; कोणत्या तारखेला सर्व्हर दिसला नाही त्यावर त्या पेन्सिलने गोल करत. तिसऱ्या खेपेस मी ते कॅलेंडर भिंतीवरून काढून सर्व्हरच्या शेजारी ठेवले आणि इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला. सिस्टिमच्या नोंदींत ६००८ या क्रमांकाची नोंद, म्हणजे संगणक रीतसर बंद न होता बंद पडल्याची नोंद, त्या गोल केलेल्या तारखांशी जुळत होती. यूपीएसची बॅटरी जुनी झालेली होती आणि वीज दीर्घकाळ गेली की सर्व्हर बंद पडत असे. नंतर नेटवर्क प्रोफाइलच्या नोंदी पाहिल्या. तेथे १०००० क्रमांकाची नोंद नेटवर्क जोडले गेल्याचे सांगते आणि त्यात नेटवर्कचे नाव व प्रकारही असतो. प्रत्येक वेळी सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर नाव होते ‘अनआयडेंटिफाइड नेटवर्क’ आणि प्रकार ‘पब्लिक’.

म्हणजे वीज जाणे हे निमित्त होते. प्रश्न असा होता की वीज इतर संगणकांचीही जात होती, मग त्यांचे नेटवर्क ‘प्रायव्हेट’च का राहत होते? उत्तर सर्व्हरच्या आयपी पत्त्याच्या सेटिंगमध्ये मिळाले. सर्व्हरचा पत्ता बदलू नये म्हणून कोणीतरी पूर्वी तो हाताने भरलेला होता, हे ठीकच होते. पण गेटवेची जागा मात्र रिकामी सोडलेली होती. त्या संगणकावर कोणी इंटरनेट वापरू नये, असा त्यामागचा हेतू असल्याचे नंतर कळले.

विंडोज एखादे नेटवर्क ओळखीचे आहे की नवे, हे ठरवताना प्रामुख्याने गेटवेचा, म्हणजे राउटरचा, मॅक पत्ता पाहते. गेटवेच दिलेला नसेल तर ओळखीला आधार उरत नाही, नेटवर्क अनोळखी ठरते आणि अनोळखी नेटवर्कला ‘पब्लिक’ हाच प्रकार मिळतो. मी हाताने केलेला बदल संगणक चालू असेपर्यंत टिकत होता, कारण ज्या नेटवर्कची ओळखच पटत नाही त्याच्याविषयीची निवड विंडोज कोणत्या नावाखाली जपून ठेवणार? गुरुवारी सर्व्हर बंद पडे, संध्याकाळी किंवा शुक्रवारी सकाळी कोणीतरी तो चालू करी आणि तो पुन्हा अनोळखी नेटवर्कवर जाऊन बसे.

गेटवेच्या जागी राउटरचा पत्ता भरला, नेटवर्कला ओळख मिळाली, एकदाच ‘प्रायव्हेट’ निवडले आणि मग मी स्वतः सर्व्हर तीनदा बंद करून चालू केला. तिन्ही वेळा प्रकार तसाच राहिला. इंटरनेट बंद ठेवण्याचा मूळ हेतू राखण्यासाठी त्या संगणकाचे इंटरनेट राउटरमधून अडवले, जे करण्याची योग्य जागा तीच आहे. यूपीएसची बॅटरीही बदलून घेतली. ज्यांना काही कारणाने गेटवे रिकामाच ठेवायचा आहे आणि ज्यांच्याकडे विंडोजची प्रो आवृत्ती आहे, त्यांना लोकल सिक्युरिटी पॉलिसीमधील नेटवर्क लिस्ट मॅनेजर पॉलिसीजमध्ये जाऊन अनोळखी नेटवर्कला ‘प्रायव्हेट’ ठरवता येते; परंतु जो लॅपटॉप बाहेर नेला जातो त्याच्यावर हे कदापि करू नये.

याच यंत्रणेमुळे आणखी एक प्रसंग येतो. इंटरनेट पुरवणाऱ्याने राउटर बदलला की गेटवेचा मॅक पत्ता बदलतो, सगळ्या संगणकांना ते ‘नेटवर्क २’ असे नवे नेटवर्क वाटते आणि एका सकाळी सगळेच एकमेकांना दिसेनासे होतात. तेथे घाबरण्याचे कारण नाही. प्रत्येक संगणकावर एकदा ‘प्रायव्हेट’ निवडले की ती निवड टिकते.

एका कार्यालयात दोन राउटर

कर्वे रस्त्यावरील एका वास्तुविशारदांच्या कार्यालयातील तक्रार निराळी होती, कारण ती एकतर्फी होती. आतल्या दालनातील लॅपटॉपवरून बाहेरच्या संगणकाचे फोल्डर थेट पत्ता दिल्यास उघडे, पण बाहेरच्या संगणकावरून आतल्या लॅपटॉपचे काहीही उघडत नसे आणि यादीत तर दोन्ही बाजूंना एकमेकांची नावे नसत. अशी एकतर्फी तक्रार ऐकली की राउटर मोजावेत. फायबरचे कनेक्शन देणाऱ्याने लावलेला एक राउटर बाहेर होता आणि आत वायफाय पोहोचत नाही म्हणून कार्यालयाने स्वतः विकत घेतलेला दुसरा राउटर आत होता. पहिल्यातून आलेली केबल दुसऱ्याच्या वॅन (बाहेरून इंटरनेट घेण्याच्या) पोर्टमध्ये लावलेली असल्यामुळे दुसऱ्या राउटरने आपले स्वतंत्र नेटवर्क थाटले होते. बाहेर १९२.१६८.१, आत १९२.१६८.०.

नेटवर्कच्या यादीसाठी होणारी विचारणा राउटर ओलांडून पलीकडे जात नाही, म्हणून नावे दिसत नव्हती. आतून बाहेर जाणारी विनंती मात्र दुसरा राउटर स्वतःच्या बाहेरच्या पत्त्यावरून पुढे पाठवतो. बाहेरच्या संगणकाला ती आपल्याच नेटवर्कमधून आल्यासारखी वाटते आणि तो उत्तर देतो. उलट दिशेने बाहेरच्याला आतला पत्ता कोठे आहे हेच माहीत नसते.

येथे फायरवॉल, सेवा, पासवर्ड यांना हात लावण्याची गरज नसते. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा स्वतःचा लॅनचा (आतल्या नेटवर्कचा) पत्ता पहिल्याच्या मालिकेतील एखादा मोकळा पत्ता करावा, त्याचा डीएचसीपी (संगणकांना आपोआप पत्ते वाटण्याचे काम) बंद करावा आणि पहिल्याकडून आलेली केबल वॅनऐवजी त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावावी. राउटरमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ अशी सोय असेल तर ती निवडली की हे सर्व एकदम होते. क्रम मात्र पाळावा: डीएचसीपी बंद करण्यापूर्वी केबल लॅनमध्ये लावली, तर एकाच वायरीवर पत्ते वाटणारे दोघे होतात आणि जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता संगणक घेतो, ज्यामुळे तक्रार सकाळी एका संगणकावर आणि दुपारी दुसऱ्यावर अशी फिरत राहते.

वायफायवरील लॅपटॉप ‘गेस्ट’ नावाच्या नेटवर्कला जोडलेला असेल, तर तो इतरांना दिसणार नाही, कारण पाहुण्यांना वेगळे ठेवणे हाच त्या सोयीचा उद्देश आहे. अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल असेल तर तिच्यातही नेटवर्कचा प्रकार वेगळा निवडावा लागतो. लॅपटॉपवर मुख्य कार्यालयाचे व्हीपीएन चालू असेल, तर ते बंद करून एकदा पाहावे.

पोहोचले, पण उघडत नाही

या टप्प्यावर येणारी सर्वांत सामान्य अडचण अशी असते की सर्व्हरवर पासवर्डच ठेवलेला नसतो. “पासवर्ड काय टाकू? आमच्याकडे पासवर्डच नाही,” असे लोक म्हणतात आणि ते खरेही असते. ज्या खात्याला पासवर्ड नाही त्या खात्याने फक्त त्या संगणकासमोर बसूनच लॉगिन करता येते, नेटवर्कवरून नाही. विंडोजचे हे धोरण मुळातच चालू असते आणि ते बंद करू नये. तसेच चार आकडी पिनही नेटवर्कवरून चालत नाही, खात्याचा पूर्ण पासवर्डच लागतो. माझी पद्धत अशी की सर्व्हरवर केवळ या कामासाठी एक साधे स्थानिक खाते काढायचे, त्याला पासवर्ड द्यायचा, सामाईक फोल्डरवर त्याच खात्याला परवानगी द्यायची आणि बाकीच्या संगणकांवर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोजच्या पासवर्ड साठवण्याच्या जागेत) तो एकदा भरून ठेवायचा. तेथे नोंद करताना ज्या रूपात सर्व्हर उघडणार, म्हणजे नावाने की आयपी पत्त्याने, त्याच रूपात ती करावी, कारण विंडोजच्या दृष्टीने ती दोन वेगळी ठिकाणे आहेत. एकाच सर्व्हरला दोन वेगळ्या खात्यांनी जोडण्याचा प्रयत्न झाला की १२१९ क्रमांकाची चूक येते.

पासवर्डशिवाय ‘गेस्ट’ म्हणून चालणाऱ्या जुन्या रचना आता एकेक करून बंद पडत आहेत. विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती २०२४ मध्ये आल्यापासून प्रो आवृत्तीतही पाहुण्याचा प्रवेश मुळात बंद असतो आणि एसएमबीच्या प्रत्येक संदेशावर सही असण्याची अट लावली जाते. त्यामुळे कालपर्यंत उघडणारा जुना नॅस (नेटवर्कला जोडलेली फाइली साठवण्याची पेटी) नवा संगणक आणल्यावर त्या एकाच संगणकावरून उघडत नाही. अशा वेळी दोष नव्या संगणकाला दिला जातो, पण नॅसवर खाते आणि पासवर्ड तयार करणे आणि त्याचे फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत करणे हाच खरा उपाय आहे.

एसएमबीची पहिली आवृत्ती चालू करून पाहा, असा सल्ला मिळाल्यास एवढे लक्षात ठेवावे की विंडोज ७ ला देखील ती लागत नाही. ती फक्त विंडोज एक्सपी आणि काही जुने नॅस व कॉपिअर यांना लागते. कॉपिअरवरून थेट फोल्डरमध्ये स्कॅन पाठवण्यासाठी ती हवी असेल, तर स्कॅन ईमेलवर किंवा एफटीपीवर घ्यावा. आठ-दहा संगणकांवरील अशिलांची कागदपत्रे एका स्कॅनरसाठी धोक्यात घालणे मला पटत नाही आणि आजवर मी ते कोठेही केलेले नाही.

यादीवरचे अवलंबित्व कमी करणे

वरील दुरुस्तीनंतर त्या सदाशिव पेठेतील कार्यालयात मी आणखी एक बदल केला. सर्व्हरचा हाताने भरलेला पत्ता काढून टाकला आणि राउटरमध्ये त्याच्या मॅक पत्त्यावर १९२.१६८.१.५० हा पत्ता राखून ठेवला. पत्ता कायम तोच मिळतो, गेटवे आणि बाकी माहिती राउटरकडूनच येते आणि पुन्हा कोणी एखादी जागा रिकामी सोडण्याचा प्रश्न उरत नाही. मग प्रत्येक संगणकावर सामाईक फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून जोडून दिले. कधी सकाळी संगणक नेटवर्कपेक्षा लवकर उठतो आणि झेडवर लाल फुली दिसते. त्यावर दोनदा क्लिक केले की ड्राइव्ह उघडतो आणि फुली जाते. सर्व्हरवरील पॉवर सेटिंगमध्ये स्लीप बंद केले, कारण झोपलेला संगणक कोणत्याच विचारणेला उत्तर देत नाही. विंडोजच्या साध्या डेस्कटॉप आवृत्तीला एका वेळी २० उपकरणांपर्यंतच जोडणी देण्याची मर्यादा आहे, त्यामुळे नऊ संगणकांना ही व्यवस्था पुरेशी आहे.

राउटरच्या शेजारी भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर नऊ संगणकांची नावे, त्यांचे पत्ते, स्विचचा कोणता पोर्ट कोणाचा, आणि वीज आल्यावर चालू करण्याचा क्रम लिहिलेला आहे: आधी राउटर आणि स्विच, दोन मिनिटांनी सर्व्हर, मग बाकीचे. त्यानंतरच्या एका गुरुवारी दुपारभर वीज नव्हती. शुक्रवारी साडेदहाला मी स्वतःच फोन केला, तेव्हा ताई म्हणाल्या की ‘नेटवर्क’मध्ये सर्व्हर पहिली काही मिनिटे दिसला नाही, नंतर आला, पण झेड उघडलेला असल्यामुळे त्याच्याकडे कोणाचे लक्षही गेले नाही. ओळख जाहीर करणारी सेवा ‘डिलेड स्टार्ट’मुळे उशिरा सुरू होत असल्याने ती काही मिनिटे लागणारच आहेत.